मधुवंतीचं आठवं वाक्य

मैत्रबन सोसायटीच्या बालनाट्याचा प्रयोग मधुवंतीच्या आठव्या वाक्यावर बंद पडला. पुढचं नाटक झालंच नाही. समुद्र अंगावरची निळी चादर सोडून आईच्या मांडीवर जाऊन बसला. नाटकातली सेक्रेटरी रडायला लागली, म्हणून खऱ्या सेक्रेटरींनी तिला वाजवायला किल्ल्यांचा जुडगा दिला. तेरा मुलांची वाक्यं त्यांच्या पोटातच राहिली, आणि त्यातली काही अजूनही जेवताना अधूनमधून बाहेर पडतात.

पण सोसायटीच्या वार्षिक अहवालात ‘बालनाट्याचा कार्यक्रम अत्यंत उत्साहात पार पडला’ असं छापलंय. खाली सही आहे, सहीवर शिक्का आहे. म्हणजे वरचं काही घडलेलं नाही आणि ते कुणी वाचलेलंही नाही. आपण सुरुवात करू.

मुलुंड पूर्वेला मैत्रबन ही दोन विंगांची, चार मजल्यांची सोसायटी आहे. परीक्षा संपल्या की मुलं खाली उतरतात आणि उभ्या गाड्यांना चेंडू लागायला सुरुवात होते. चौथा आरसा फुटला की कमिटीला मुलांच्या सर्जनशीलतेची काळजी वाटू लागते. यंदा चौथा आरसा एप्रिलच्या दहा तारखेला फुटला आणि त्याच संध्याकाळी ग्रुपवर पत्रक आलं: ‘उन्हाळी बालनाट्य शिबिर. एकवीस दिवस. पहिले दहा दिवस आत्मविश्वास, उरलेले अकरा दिवस सर्जनशीलता. पाण्याची बाटली घरून आणावी.’

शिबिर घेणार होता बी विंगमधला देवव्रत. वय सत्तावीस, धंदा अभिनय. अंधेरीला ऑडिशन देऊन देऊन त्याला आजवर तीन कामं मिळाली होती. दोन मालिकांत तो प्रेत होता. तिसरीत बढती मिळून कोमात गेलेला धाकटा भाऊ झाला. सहा महिने त्याने डोळे मिटून अभिनय केला. मालिका संपली, सगळ्यांची लग्नं झाली, खलनायिका सुधारली, पण धाकट्या भावाला उठवायचं लेखकाच्या लक्षातच राहिलं नाही. देवव्रतच्या आईला अजून बायका भाजीबाजारात विचारतात, ‘मग? आला का शुद्धीवर?’

शिबिराचा एकच नियम होता, आणि तो कमिटीने केला होता. प्रत्येक मुलाला बरोब्बर चार वाक्यं. गेल्या वर्षी एका मुलाला सहा आणि एकाला दोन मिळाली होती, त्यावरून ए आणि बी विंगेत दिवाळीचा फराळ थांबला होता. म्हणून यंदा तीन पालकांची उपसमिती नेमली होती. नुसतं ‘अरे!’, ‘थांबा!’ किंवा ‘अय्या!’ हे वाक्य धरायचं नाही, असा ठराव तिने पहिल्याच बैठकीत केला. वाक्य म्हणजे ज्यात कुणीतरी काहीतरी केलेलं आहे ते.

पहिल्या दिवशी, वीस एप्रिलला, देवव्रतने यादी वाचली. बावीस नावं. समोर मुलं एकवीस.

‘सात नंबर, मधुवंती तेंडोलकर.’

‘हजर.’

‘एकोणीस नंबर, मधुवंती तेंडोलकर.’

‘हजर.’

देवव्रतने वर बघितलं. दोन्ही वेळा एकच मुलगी उभी होती. दहा वर्षांची, दोन वेण्या, हातात पाण्याच्या दोन बाटल्या.

‘तुझं नाव दोनदा कसं?’

‘सात नंबरला आईने घातलं. एकोणीसला बाबांनी.’

‘मग एकमेकांना विचारलं नाही का त्यांनी?’

मधुवंतीने दोन्ही बाटल्यांची झाकणं घट्ट केली. घरातलं बाहेर सांगायचं नाही, असं दोघांनीही तिला वेगवेगळं बजावलं होतं.

देवव्रतने नाव खोडायचं ठरवलं, पण उपसमितीने खोडू दिलं नाही. दर नावामागे चार वाक्यं असा ठराव होता, दर मुलामागे नव्हे. ठराव बदलायला सर्वसाधारण सभा लागते आणि सर्वसाधारण सभेला कोरम लागतो. मैत्रबनमध्ये कोरम एकदाच जमला होता, तेही लिफ्टमध्ये. तेव्हा मधुवंतीच्या वाट्याला आठ वाक्यं आली.

‘वाट लागली,’ शेजारी बसलेला प्रांजल म्हणाला. तो नऊ वर्षांचा होता आणि त्याला बोलायला कारण लागत नसे. ‘आठ पाठ करायची? मला चार दिली तरी मी चाळीस बोलेन, पण पाठ नाही करणार यार.’

पाठांतराची मधुवंतीला भीती नव्हती. तिचा दिवस पाठांतरातच जात होता.

तेंडोलकरांच्या घरात त्या दिवशी अबोल्याचा बाविसावा दिवस होता. अबोला एकोणतीस मार्चला घाटकोपरला एका बारशात सुरू झाला. रश्मीने स्टीलची मोठी बरणी भरून सोलकढी नेली होती. लोक तीन-तीन वाट्या प्यायले. कुणीतरी म्हणालं, ‘काय झकास झालीय हो, घरचीच ना?’ त्यावर श्यामकांत, ज्याला समारंभात विनोद करायची सवय आहे आणि जमत मात्र नाही, मोठ्याने म्हणाला, ‘कसली घरची! फ्रीजमधल्या बाटलीतून ओतते ती. मी रोज बघतो.’

लोक हसले. रश्मी हसली नाही. त्या बाटलीत कोकमाचं आगळ होतं. तिच्या आईने वेंगुर्ल्याला अंगणातल्या रातांब्यांचं काढलेलं, मीठ घालून मुरवलेलं, थंड पेयाच्या जुन्या बाटलीत भरून, झाकणाला प्लास्टिक बांधून, एसटीने पाठवलेलं. श्यामकांत स्वतः मालवणकडचा. त्याने आगळ आणि विकतचं सरबत यांत गल्लत करावी, आणि तीही तिच्या माहेरच्या चार माणसांसमोर! टॅक्सीत रश्मी एक अक्षर बोलली नाही. श्यामकांतला वाटलं, थकली असेल. दुसऱ्या दिवशी चहा ठेवताना ती मधुवंतीला म्हणाली, ‘विचार तुझ्या बाबांना, साखर किती?’ रोज दीड चमचा घेणाऱ्या माणसाला साखर विचारली जाते तेव्हा घरात काय झालंय ते कळतं.

तेव्हापासून मधुवंती हॉल आणि किचन यांच्यामधल्या पॅसेजमध्ये कामाला लागली. सकाळी साडेसहा ते रात्रीचं जेवण. शाळा होती तोवर मधे सुट्टी तरी मिळायची. सुट्टी लागली आणि सुट्टी गेली.

‘मधू, सांग बाबांना, गॅसवाला येणारे, घरी थांबायचं.’

‘बाबा, गॅसवाला येणारे, घरी थांबायचं, असं आई म्हणतेय.’

‘सांग आईला, आम्हाला ऑफिस आहे. आम्ही काय बाटल्या ओतत बसत नाही.’

आता हे जसंच्या तसं पोचवलं असतं तर संध्याकाळचा स्वयंपाक झाला नसता. म्हणून मधुवंती पॅसेजमध्ये दोन पावलं हळू चालायची आणि तेवढ्यात निरोप दुरुस्त करायची. ‘आई, बाबा म्हणतायत, सॉरी, ऑफिस आहे.’

एकदा ती दुरुस्ती जरा जास्तच झाली. जेवताना रश्मीने भात वाढू का विचारलं. श्यामकांत म्हणाला, ‘सांग, नको.’ मधुवंतीने सांगितलं, ‘नको म्हणतायत. पण थँक्यू म्हणतायत. आणि भात छान झालाय म्हणतायत.’

तिघंही दीड हाताच्या टेबलाभोवती बसले होते. मुळात निरोपाची गरज नव्हती, सगळं सगळ्यांना ऐकू येत होतं.

‘मी थँक्यू म्हटलं नाही,’ श्यामकांत आमटीला म्हणाला.

‘मला माहीतच होतं,’ रश्मी पापडाला म्हणाली. ‘मधू, मनाचं घालायचं नाही. जसं आहे तसं सांगायचं.’

‘सांग तिला, या बाबतीत आमचं एकमत आहे,’ श्यामकांत म्हणाला.

बावीस दिवसांतलं ते पहिलं एकमत. तेव्हापासून मधुवंतीचं मनाचं घालणं बंद झालं. इतकं बंद झालं की तिची सगळी वाक्यं ‘असं आई म्हणतेय’ नाहीतर ‘असं बाबा म्हणतायत’ यावर संपू लागली. वाण्याकडे ती ‘अर्धा किलो रवा द्या, असं आई म्हणतेय’ म्हणायची, ते ठीक होतं. पण शिबिरात देवव्रतने ‘मला’पासून सुरू होणारं एक वाक्य प्रत्येकाला म्हणायला लावलं, तेव्हा गंमत झाली.

‘मला सिंह पाळायचाय,’ प्रांजल म्हणाला.

‘मला सगळ्यांना ओरडायला आवडतं,’ गार्गी म्हणाली. ती अकरा वर्षांची होती आणि चष्म्यामुळे चौदाची वाटायची.

‘मला...’ मधुवंती म्हणाली आणि थांबली. डोळे मिटून तिने जरा शोधलं. ‘मला, असं कोण म्हणतंय?’

मुलं खो खो हसली. देवव्रत हसला नाही. शिबिर सुटल्यावर तो तिच्याजवळ येऊन जमिनीवर बसला.

‘मधुवंती, तू घरी काय करतेस गं दिवसभर?’

‘सांगते.’

‘काय सांगतेस?’

‘ते म्हणतील ते.’

देवव्रतला पुढचं विचारावं लागलं नाही. मुलुंडमध्ये भिंती तशा पातळच असतात. तो म्हणाला, ‘मला सहा महिने एकही वाक्य नव्हतं, माहितीये? सगळे माझ्या उशाशी बसून बोलायचे. मी पडलेला. एकदा तर हिरॉइन चार पानं रडली माझ्यावर. माझ्या नाकाला खाज येत होती.’

‘मग?’

‘मग काय, नाही खाजवलं.’

मधुवंतीने खूप वेळ त्याच्या नाकाकडे बघितलं. आपलं दुःख समजणारं पहिलं नाक तिला भेटलं होतं.

नाटक मुलांनी मिळून रचलं. कल्पना प्रांजलची: समुद्र मुंबईला कंटाळतो आणि मुलुंडला राहायला येतो. त्याला मैत्रबनमध्ये भाड्याने जागा हवी असते. सेक्रेटरी म्हणते, ओल येईल. समुद्राचा अपमान होतो. मग दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. समुद्र प्रांजल, सेक्रेटरी गार्गी. बाकीची मुलं भाडेकरू, मासे, पाण्याचा टँकर आणि एक दीपगृह, ज्याला कुठे उभं राहायचं ते शेवटपर्यंत कळत नाही. आणि समुद्र आणि सेक्रेटरी यांच्यामध्ये निरोप नेणारी मधुवंती.

तालमीत ती इतकी भारी होती की टँकरसुद्धा आपलं वाक्य विसरून बघत राहायचा. ‘सेक्रेटरीबाई, समुद्र म्हणतोय, भरतीच्या वेळी मी गच्चीवर झोपेन.’ ती म्हणायची तेव्हा खरंच तिच्या मागे समुद्र उभा आहे असं वाटायचं. ‘समुद्रमहाराज, सेक्रेटरी म्हणतायत, पार्किंग एकच मिळेल.’ की लगेच पार्किंग दिसायचं. सात वाक्यं देवव्रतने लिहून दिली, सातही निरोपाची. आठव्या जागी वहीत त्याने लिहिलं: ‘इथे मधुवंती बोलते.’

‘काय बोलते?’ मधुवंतीने विचारलं.

‘ते मला काय माहीत? तुझं वाक्य आहे. कुणाचा निरोप नाही, तुझं. तू आण.’

‘दादा, तूच लिही ना. प्लीज.’

‘नाही. आणि हे बघ, उपसमिती मोजणार आहे. आठवं नसेल तर म्हणतील, आमच्या मुलांचीही कमी करा. मग प्रयोग होतोय कसला!’ हे सांगताना त्याने चेहरा कडक ठेवला होता. कोमाचा अनुभव कामी आला.

मधुवंतीला झोप लागेना. सगळं नाटक, एकवीस मुलं, दोन विंगा तिच्या एका वाक्यावर टांगलेल्या, आणि तिच्याजवळ ते वाक्य नव्हतं. तिने आत चाचपून बघितलं. आत नुसते निरोप होते. काही पोचलेले, काही अर्धवट, काही ‘नको, राहू दे, नको सांगू’ म्हणून परत फिरवलेले. परत फिरवलेले सगळ्यांत जड.

दुसऱ्या दिवशी तिने आईला विचारलं, ‘आई, मला नाटकात एक वाक्य माझं म्हणायचंय. काय म्हणू?’

रश्मी भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. ‘सगळ्यांसमोर?’

‘हो.’

‘बाबा येणारेत?’

‘हो. तूही आणि तेही. वेगवेगळे.’

‘मग म्हण, आयुष्यभर आगळ प्यालेल्या माणसाला आगळ ओळखता येऊ नये, हे समुद्रालाही शोभत नाही.’

‘आई, पण नाटकात आगळ नाहीये.’

‘घाल.’

ती हॉलमध्ये गेली. बाबांनी वर्तमानपत्र बाजूला केलं. विचार केला. घसा खाकरला. ‘म्हण, चूक सगळ्यांकडून होते. पण बायको सहा आठवडे बाटलीएवढं तोंड करून बसली तर माणसाने माफी मागायची तरी कुठल्या तोंडाला?’

‘बाबा, हे माझं वाक्य आहे का?’

‘मग कुणाचं? तूच म्हणणारेस ना?’

मधुवंती पॅसेजमध्ये येऊन उभी राहिली. तिथे ना हॉल लागतो ना किचन. म्हणजे आठवं वाक्यसुद्धा निरोपच होता, फक्त दोनशे लोकांसमोर द्यायचा. तिला रडू आलं, पण रडताना कुणाच्या वतीने रडायचं ते कळेना. म्हणून ती पाणी प्यायली. आधी एका बाटलीतलं, मग दुसऱ्या.

दहा मे, रविवार, संध्याकाळी पाच. बी विंगच्या पोडियमवरचा हॉल. पुढे अर्धगोलात बावीस खुर्च्या, नोंदणीच्या नंबराप्रमाणे, दर नंबरामागे एक पालक. सात नंबरावर रश्मी, अबोली साडीत. एकोणीसवर श्यामकांत, इस्त्रीच्या शर्टात. मध्ये अकरा खुर्च्या. दोघंही आपापल्या समोर सरळ बघत होते, जणू दोन वेगवेगळी नाटकं बघायला आले आहेत. मागे बाकीची सोसायटी. पहिल्या खुर्चीच्याही पुढे, वेगळ्या सोफ्यावर, खरे सेक्रेटरी चंद्रप्रकाश काका. कडेला उपसमिती, पेन्सिली घेऊन.

नाटक सुरू झालं. समुद्र आला, चादरीत पाय अडकून पडला, उठला, टाळ्या मिळाल्या. गार्गीने ‘ओल येईल!’ असं काही म्हटलं की चंद्रप्रकाश काकांनी नकळत मान डोलावली. मधुवंती इकडून तिकडे, तिकडून इकडे. एक, दोन, तीन. उपसमितीच्या पेन्सिली चालत होत्या. सहा, सात. सातव्याला हॉलभर हशा झाला. मग समुद्र आणि सेक्रेटरी पाठ फिरवून बसले, आणि मध्ये मधुवंती एकटी उभी राहिली.

इथे मधुवंती बोलते.

मधुवंती बोलली नाही.

विंगेतून देवव्रतने मान डोलावली. तो प्रॉम्प्ट तरी काय करणार? वहीत काही नव्हतंच.

‘बोल ना यार,’ समुद्र पाठमोराच कुजबुजला. ‘चादरीत घाम आलाय मला.’

सात नंबरावर रश्मीला राहवेना. पोरगी घाबरलीये हे तिला दिसत होतं, आणि श्यामकांत डोळे फाडून तिच्याकडे बघतोय हेही. त्याला सांगायला हवं होतं, असं बघू नकोस. पण सांगणार कशी? निरोप नेणारी स्टेजवर. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच मधला माणूस नव्हता. शेवटी ती आठ नंबरच्या, म्हणजे प्रांजलच्या आईच्या, कानाला लागली. ‘त्यांना सांगा जरा, टक लावून बघू नका, ती घाबरलीये.’

प्रांजलच्या आईने नऊ नंबरला सांगितलं. पण नुसतं कसं सांगायचं? तिने जोडलं, ‘आमच्या प्रांजलला बघा, मुळीच घाबरत नाही.’ नऊने दहाला सांगताना बदाम भिजवून द्यायला हवे होते असं जोडलं. अकरा नंबरचे आजोबा हे ऐकून म्हणाले, हल्लीचे आईबाप वेळ देत नाहीत. बारा, तेरा, चौदा. निरोप खुर्चीखुर्चीला माणसागणिक फुगत गेला आणि एकोणीसला पोचला तेव्हा असा होता: ‘तुम्ही बघू नका, तुमच्यामुळे ती घाबरली, लहानपणी बदाम दिले नाहीत, तुम्ही वेळ देत नाही, आणि तुमच्या स्कूटरचं पुढचं चाक कायम आमच्या रेषेत असतं.’

श्यामकांत चिडला की मालवणीवर येतो. ‘माका काय म्हायत? मी खय बघतंय तिच्याकडे? सांगा तिला, मला माझी मुलगी बघायचीही बंदी आहे का!’

निरोप परत निघाला. वाटेत त्याला स्कूटरचा खुलासा चिकटला, दोन जणांचे सल्ले चिकटले, चौदा नंबरच्या काकूंनी तर स्वतःच्या नवऱ्याचा एक जुना किस्सा त्यात घातला. आवाज वाढले. मागच्या रांगेतले पुढे वाकून विचारू लागले, काय झालं, कोण काय म्हणालं? चंद्रप्रकाश काका सोफ्यावरून उठले आणि म्हणाले, ‘सर्वांनी आपले निरोप माझ्यामार्फत द्यावेत.’

मधुवंती वरून बघत होती. अख्खी सोसायटी तिचं काम करत होती. आणि किती गचाळ करत होती! आईने असं म्हटलंच नव्हतं. आईचे ओठ तिला इथून वाचता येत होते. बाबांच्या आवाजात राग होता, पण तळाशी भीती होती, ती एकानेही पुढे दिली नाही. एवढी बारा-तेरा मोठी माणसं मिळून दोन वाक्यं इकडची तिकडे नेऊ शकत नव्हती, आणि ती बेचाळीस दिवस एकटी...

तेव्हा तिला कळलं की आत निरोपांच्या खाली काहीतरी होतं.

‘थांबा!’ ती ओरडली.

हॉल थांबला. उपसमितीने पेन्सिल उचलली नाही. ‘थांबा’ धरत नाहीत.

‘मी दमले,’ मधुवंती म्हणाली.

समुद्राने मान वळवली, आणि तीन आठवड्यांच्या सवयीने विचारलं, ‘असं कोण म्हणतंय?’

‘मी म्हणतेय.’

विंगेत देवव्रतने वही उघडली, ‘इथे मधुवंती बोलते’च्या पुढे दोन शब्द लिहिले आणि त्याला नाक पुसावं लागलं.

एकोणीस नंबरची खुर्ची कर्रकन मागे सरकली. श्यामकांत उभा राहिला. त्याने आधी स्टेजकडे बघितलं, मग अकरा डोक्यांवरून पलीकडे.

‘रश्मी,’ तो म्हणाला, ‘ऐकलंस?’

बेचाळिसाव्या दिवशी.

‘ऐकलं,’ रश्मी म्हणाली. ‘आपण काय करून ठेवलं रे हे!’

‘मला माहीत होतं ते आगळ होतं. म्हणजे, दुसऱ्या दिवशी कळलं. वास घेतला मी.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘तू बोलत नव्हतीस!’

‘मी का बोलू? माझ्या आईने चार दिवस खपून...’

‘अगं, मग तेच तर! मला वाटलं, आपण विनोद केला...’

‘तुझे विनोद! साखरपुड्यापासून सांगतेय तुला!’

ते एकमेकांकडे चालत निघाले, मधल्या अकरा जणांनी पाय वर घेऊन वाट दिली, आणि अर्धगोलाच्या मधोमध, स्टेजकडे पाठ करून, तेंडोलकर नवराबायको सहा आठवड्यांचं भांडण एकदम भांडू लागले. सगळी सोसायटी त्यांच्याकडे वळून बसली. दीपगृहाने पहिल्यांदाच योग्य जागा निवडली, म्हणजे खाली उतरून पहिल्या रांगेत. नाटक तिथेच राहिलं. पुढचं आपण वाचलेलं नाही, ते तसंच ठेवू.

मधुवंती स्टेजच्या कडेला पाय सोडून बसली. देवव्रत शेजारी येऊन बसला.

‘छान होतं वाक्य,’ तो म्हणाला.

‘छोटं झालं का?’

‘मला तेवढंही नव्हतं गं.’

घरी गेल्यावर ते दोघं बोलत होते. सोमवारी बोलत होते. मंगळवारी पहाटे दूध यायच्या आधी सुरू झाले. बेचाळीस दिवसांचं साठलेलं होतं आणि त्याच्या खाली लग्नापासूनचं. हॉलमधून किचनमध्ये, किचनमधून हॉलमध्ये, पॅसेज आता मोकळा होता. मध्येच हसायचे, मध्येच भांडायचे, मध्येच ‘मधू, तूच सांग, कोण बरोबर?’ असं तिला दोन्हीकडून विचारायचे. निरोपाची नोकरी गेली आणि तिला न्यायाधीश नेमलं होतं. वेंगुर्ल्याहून नवी बाटली आली, तर ती कुठल्या फळीवर ठेवायची यावर दोन दिवस गेले. ती खुश होती, हे खरं आहे. रोज पाय धुऊन झोपायची आणि झोप लागायची. पण एका रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, आई-बाबांच्या मध्ये सोफ्यावर बसून तिने विचारलं, ‘थोडा वेळ आपण नुसतं बसूया का?’

‘अगं, आता तर बोलतोय ना आम्ही!’ दोघं एकदम म्हणाले, आणि कोण आधी म्हणालं यावर वाद झाला.

तेव्हा मधुवंती उठली, आतल्या खोलीत गेली आणि कुणालाही न विचारता तिने वहीचं मधलं पान फाडलं.

प्रति,
मा. सचिव,
मैत्रबन सहकारी गृहनिर्माण संस्था, मुलुंड (पूर्व).

विषय: रविवारचा अबोला मंजूर होणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, आमच्या घरी दिनांक २९ मार्च ते १० मे या काळात असलेला अबोला आता संपलेला आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तरी मला दर रविवारी दुपारी दोन ते चार या वेळेत एक छोटा अबोला मंजूर करण्यात यावा. हा अबोला रागाचा नसावा. त्यात आई, बाबा आणि मी अशा तिघांचाही समावेश असावा, तिघांनी एकाच सोफ्यावर बसावे आणि कोणीही कोणाला काहीही सांगण्यास सांगू नये. पंखा चालू असल्यास चालेल. सदर ठराव सर्वसाधारण सभेत कोरमसह पारित करून त्याची प्रत आमच्या हॉलमध्ये, दोघांना एकाच वेळी दिसेल अशा ठिकाणी लावण्यात यावी, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
मधुवंती श्यामकांत तेंडोलकर
(स्वतःच्या वतीने)